फरच्या झाडाला लागलेली सफरचंदं

आधी तुमचं नाक पोचतं, मागून तुम्ही.

पहिला दणका ओल्या कातड्यांचा. इल नदीच्या काठाला कातडी कमावणाऱ्यांची वस्ती आहे. चुन्याचं पाणी आणि ओकच्या सालीचा आंबट काढा यांचा दर्प तिथून उठतो, आणि आज वारा नेमका तिकडूनच सुटला आहे. त्यावर घोड्यांची लीद, त्यावर ओल्या लाकडाचा धूर, त्यावर कुणाच्या तरी चुलीवर चरबीत परतला जाणारा कांदा. आणि मग या सगळ्यातून वाट काढत एक थंड, हिरवा, चिकट वास येतो. राळेचा. तो सोडू नका. आज आपल्याला त्याच्याच मागे जायचं आहे.

डोळे उघडा आता. हे स्ट्रासबर्ग. साल १६०५, नाताळचा आदला दिवस. पायाखाली अर्धा बर्फ आहे आणि अर्धी राड, तेव्हा पाऊल जपून टाका. पंचांगाचाही घोळ घालू नका. या शहराने जुनं पंचांग सोडलेलं नाही, शेजारच्या कॅथलिक गावांनी नवं घेतलं आहे. म्हणून तिकडे नाताळ नऊ दिवसांपूर्वीच होऊन गेला आणि इथे तो उद्या आहे. तुम्हाला उशीर झालेला नाही.

मान वर करा. जरा आणखी वर. गुलाबी वालुकाश्माचं ते शिखर १४२ मीटर उंच आहे, आणि जोडीचं दुसरं शिखर बांधायचं राहूनच गेलं, त्यामुळे कॅथेड्रल एक हात वर करून उभं असल्यासारखं दिसतं. आत भिंतीएवढं खगोलीय घड्याळ आहे. त्यावरचा यांत्रिक कोंबडा पंख फडफडवून आरवतो आणि खाली उभी असलेली मुलं तोंड उघडं टाकून बघत राहतात. तुम्हीही बघत राहाल, पण आत्ता नको. मागून कुणीतरी ओरडतंय.

बाजूला व्हा! एक माणूस खांद्यावर फरचं अख्खं झाड घेऊन निघाला आहे. त्याचा शेंडा लोकांच्या टोप्या उडवतो आहे आणि बुंधा मागच्यांच्या बरगड्यांत घुसतो आहे. तुम्ही हात आडवा धरता, फांदी गालाला ओरखडून जाते, आणि तळहात चिकट होतो. नाकाशी न्या. हाच तो वास.

बाजारातून चालायचं म्हणजे इथे ढकलत आणि ढकलून घेतच चालायचं. हा बाजार पूर्वी संत निकोलसच्या नावाने भरायचा. १५७० पासून तो बाळ ख्रिस्ताच्या नावाने भरतो. नाव बदललं, गर्दी तीच राहिली. लाकडी घोडे, मेणबत्त्यांच्या जुड्या, मातीची भांडी, आणि एका फळीवर मध घालून भाजलेल्या तपकिरी वड्यांची चळत. एक तुकडा तोंडात टाका. आधी मध लागतो, मग दालचिनी, आणि घशाशी एक ओळखीची झणझण. मिरी! बहुधा मलबारच्या वेलीवरची. समुद्र ओलांडून, खेचरांच्या पाठीवरून इथवर आलेली. या बर्फात घशाला लागलेली ती ऊब घरची आहे.

झाडवाला पुढे गेला, तुम्ही त्याच्या मागे. जाता जाता एवढं कळू द्या की ते झाड त्याने सहजासहजी मिळवलेलं नाही. व्होज डोंगराच्या पायथ्याच्या गावांना नाताळात आपल्या जंगलाची धास्ती वाटते. आमरश्विर गावाचा १५६१ चा नियम असा, की नाताळसाठी एका माणसाने एकच झाड न्यायचं आणि तेही आठ बूट लांबीपेक्षा मोठं नाही. त्याआधी १५२१ मध्ये सेलेस्टा शहराच्या जमाखर्चाच्या वहीत वनरक्षकांना चार शिलिंग दिल्याची नोंद आहे: संत थॉमसच्या दिवसापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, झाडांवर पहारा ठेवल्याबद्दल. लोक चोरून तोडत होते, त्याशिवाय पहाऱ्याला पैसे कोण देईल?

पण लोक चोरी करून हिरवं घरात का आणत होते, ते कळायला तुम्हाला या रस्त्यावर उभंच राहायला हवं. आजूबाजूला बघा. द्राक्षमळ्यांत नुसत्या काळ्या काटक्या. सफरचंदाच्या झाडांवर एक पान नाही. दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडू लागतो आणि मग चौदा-पंधरा तास उजाडत नाही. पिंपात खारवलेली कोबी आहे, कणगीत धान्य आहे, आणि वसंतापर्यंत ते पुरेल का हा हिशेब प्रत्येक घराच्या डोक्यात आहे. घरातल्या म्हाताऱ्यांचा खोकला ऐकू येतो आणि त्याचाही हिशेब मनात चालू असतो. अशा वेळी डोंगरावर एकच झाड हिरवं असतं. याच शहरात जन्मलेल्या सेबास्टियन ब्रांटने १४९४ साली ‘मूर्खांचं जहाज’ लिहिलं. त्यात तो चिडून सांगतो, की नव्या वर्षाला घरात हिरव्या फांद्या लावल्या नाहीत तर वर्ष काही पार पडत नाही, असं लोक मानतात. त्याच्या लेखी तो मूर्खपणा होता. इथल्या थंडीत बोटं बधिर झाल्यावर मला तो मूर्खपणा वाटत नाही. मरण दाराशी बसलेलं असताना न मरणारं काहीतरी उंबऱ्याच्या आत असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आलं घर. दार बुटकं आहे, डोकं सांभाळा.

आणि गरम! चकचकीत हिरव्या फरशांची भलीमोठी शेगडी कोपऱ्यात तापली आहे. घरात नीट ऊब असलेली खोली ही एवढीच, म्हणून सगळं घर इथेच आहे: आजी, आई, तीन मुलं, वाळत टाकलेले मोजे आणि एक कुत्रं. ओल्या लोकरीची वाफ निघते आहे. खिडक्यांना जाड, गोल, बाटलीच्या बुडासारख्या काचा आहेत, त्यातून आलेला उजेड पाण्याखालून आल्यासारखा हलतो. तुमचे कान ठणकायला लागतील, थंडीतून आत आल्यावर ठणकतातच. बाकावर टेका.

झाड उभं राहिलं. खोलीचा वास क्षणात बदलला. जंगल आत आलं.

आता सजावट बघा. पण डोळ्यांना आधीच सांगून ठेवा, की मेणबत्त्या दिसणार नाहीत. चमचमते गोळे, शेंड्यावरचा तारा, यांतलंही काही नाही. याच सुमारास एक प्रवासी इथे येऊन गेला, आपलं नाव मागे न ठेवता. स्ट्रासबर्गच्या दिवाणखान्यांत काय पाहिलं ते त्याने टिपून ठेवलं: रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ चकत्या, बेगड आणि साखर. बस. त्याची यादी तुमच्यासमोर टेबलावर मांडली आहे.

सफरचंदं लहान आहेत, मुठीत मावतील एवढी, गर्द लाल. शरदापासून गवतात जपून ठेवलेली, म्हणून सालीला सुरकुती पडायला लागली आहे आणि वास मात्र दुप्पट झाला आहे. मोठी मुलगी प्रत्येकाच्या देठाला दोरा बांधते आणि त्याआधी बाहीवर घासून लकाकी आणते. आई चकत्या ओवते आहे. पीठ आणि पाणी, तापलेल्या दोन लोखंडी पाटांत दाबून भाजलेलं. इतकं पातळ, की उजेडापुढे धरलं तर बोट दिसतं. चर्चमध्ये प्रभुभोजनाला देतात तीच चकती, फक्त तिच्यावर आशीर्वाद म्हटलेला नाही. मधला मुलगा कागदी गुलाब फांद्यांत खोचतो. धाकट्याच्या हातात बेगड दिली आहे, आणि ती नुसत्या श्वासानेही सळसळते, म्हणून तो श्वास रोखून लाल झाला आहे.

हळूहळू ते झाड विचित्र दिसायला लागतं. नीट बघा. सुयांसारख्या पानांचं, थंडीतलं झाड, आणि त्याला लाल फळं लागली आहेत. त्याच्या शेजारच्या डहाळीला पांढरी चकती. पुन्हा फळ. पुन्हा चकती. मध्येच गुलाब. तुम्ही मराठी घरात वाढलेले असाल तर गुढी आठवेल: एकाच काठीवर कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी. तुम्हाला लहानपणीच कुणीतरी सांगितलं असेल, की ते नुसतं शोभेला बांधलेलं नाही.

तुमचा हात आपोआप एका सफरचंदाकडे जातो. मुलगी चटकन मनगट धरते. आज नाही! आज कुणाचा दिवस आहे ते माहीत नाही का? पंचांगात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस आहे. आजच्या दिवशी या झाडाचं फळ तोडायचं, म्हणजे कमालच झाली.

तिने धरलेलं मनगट सोडवू नका. डोळे मिटा. आणखी साडेचारशे वर्षं मागे जायचं आहे, एका दमात.

आलात? इथेही थंडी आहे, पण ही मोकळ्या मैदानाची, अंगावर येणारी थंडी. बाराव्या शतकातलं नॉर्मन मुलखातलं एक चर्च. त्याच्या दारासमोर अख्खं गाव गोळा झालं आहे. मेंढीच्या कातड्यांचा आणि कालच्या दारूचा वास. कुणाचं तरी मूल तुमच्या पायावर उभं आहे. पुढच्या बाईच्या टोपडीवरून बघायचं तर टाचा उचला. समोर उंच माचीवर स्वर्गाची बाग उभारली आहे. तिच्याभोवती रेशमी पडदे खांद्याच्या उंचीपर्यंत लावलेत, म्हणून आतल्या माणसांची फक्त डोकी आणि खांदे दिसतात. सुवासिक फुलं, पाला, आणि झाडं. झाडांना फळं बांधली आहेत. सफरचंदाचा वास तुमच्यापर्यंत येतो आणि गर्दीतून एक आवंढा गिळल्याचा आवाज जातो, कारण या दिवसांत फळ म्हणजे चैन आहे.

आदामच्या अंगात तांबडा झगा. हव्वेला पांढरं वस्त्र आणि पांढरी रेशमी ओढणी. देव चर्चच्या उंची पोशाखात येतो, बाग दाखवतो, एका झाडाकडे बोट करून ताकीद देतो आणि चर्चच्या दारातून आत निघून जातो. तो गेला रे गेला, की सैतान सुटले! ते माचीवर नाहीत. ते तुमच्यात आहेत. गर्दीतून धावताहेत, कुणाच्या कानाशी किंचाळताहेत, पोरी ओरडताहेत, पोरं खिदळताहेत, एक जण तुमच्या पाठीवर थाप मारून पुढे गेला आणि तुमचं काळीज एक ठोका चुकलं.

सैतान आधी आदामकडे जातो आणि हात हलवत परत येतो. मग हव्वेकडे. तिच्याशी तो गोड बोलतो, तिच्या नाजूकपणाची वाखाणणी करतो, आणि गर्दी गप्प होत जाते. मग झाडाच्या खोडावरून कळसूत्री साप वर चढू लागतो. दोऱ्या दिसतात, तरीही तुमच्या शेजारची म्हातारी तुमचा दंड आवळते. हव्वा सापाशी कान नेते. हात वर जातो. फळ तुटल्याचा तो बारीक ‘टक्’ सगळ्यांना ऐकू येतो.

आदामने घास घेतला आणि तो पडद्याआड खाली वाकला. वर आला तेव्हा तांबडा झगा गेलेला, अंगावर पानं शिवलेली फाटकी वस्त्रं. बागेच्या दाराशी लखलखती तलवार घेऊन देवदूत. पुढचं बघवत नाही, पण बघा. त्याच्या हातात कुदळ, तिच्या हातात खुरपं. ते जमीन खणतात, पेरतात, दमून लांब जाऊन बसतात. सैतान हळूच येऊन त्यांच्या शेतात काटे लावून जातो. परत येऊन ते बघतात तेव्हा दोघं जमिनीवर पडून छाती बडवतात. आता इथे कुणीही हसत नाही. या गर्दीतल्या प्रत्येकाच्या तळहाताला कुदळीचे घट्टे आहेत. हे शेत कुणाचं ते त्यांना सांगावं लागत नाही. शेवटी सैतान साखळदंड घेऊन येतात, मानेत लोखंडी कडी अडकवतात, दोघांना ओढत नरकाच्या तोंडाशी नेतात, तिथून धूर उठतो आणि आत कढया-पातेली बडवल्याचा असा काही कल्लोळ होतो, की तुमच्या पायावरचं मूल भोकाड पसरतं.

अशी नाटकं पुढे गावोगाव होत राहिली. जर्मन मुलखात ती नाताळच्या तोंडावर होऊ लागली, आणि डिसेंबरात सफरचंदाचं पानं असलेलं झाड आणणार कुठून? म्हणून फरचं झाड आणलं आणि त्याला सफरचंदं बांधली. नाटकं मागे पडली, माच्या मोडल्या, झाड तेवढं घरात शिरलं, असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं, कारण स्ट्रासबर्गच्या त्या खोलीत मुलीने ज्या धाकाने तुमचं मनगट धरलं, तो धाक साध्या शोभेच्या वस्तूचा नव्हता.

परत चला. शेगडी अजून गरम आहे आणि मुलीने मनगट सोडलेलं नाही.

आता चकतीकडे बघा. आजीला विचारा. भाषा कळेल, एवढी सवलत कालप्रवासात मिळते. ती सांगते, की आदाम मरायला टेकला तेव्हा त्याचा मुलगा शेथ स्वर्गाच्या दाराशी गेला आणि देवदूताने त्याला त्याच झाडाच्या तीन बिया दिल्या. त्या त्याने बापाच्या जिभेखाली ठेवून त्याला पुरलं. त्यातून झाड उगवलं आणि पुढे त्याच्याच लाकडाचा क्रूस झाला. ही कथा बायबलात नाही. ती शतकानुशतकं तोंडोतोंडी आणि संतचरित्रांतून चालत आली आहे. ज्या झाडाने घात केला, त्याच झाडावर सुटका लटकली. म्हणून सफरचंदाशेजारी चकती.

हे कुण्या पंडिताला सुचलं आणि लोकांवर लादलं, असं नाही. १४८० च्या दशकात बर्थोल्ड फुर्टमायर नावाच्या चित्रकाराने साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या उपासनाग्रंथात एक पान रंगवलं. तो ग्रंथ आज म्युनिकच्या ग्रंथालयात आहे. चित्रात एकच झाड, त्याला सफरचंदंही लागली आहेत आणि पांढऱ्या चकत्याही. एका बाजूला हव्वा लोकांना फळं वाटते आहे आणि तिच्या बाजूच्या पानांत कवटी आहे. दुसऱ्या बाजूला मरिया चकत्या वाटते आहे आणि तिच्या बाजूला पानांत क्रूस. बुंध्याशी आदाम बसला आहे. शंभरेक वर्षांनी, या खोलीत, आठ बुटांच्या झाडावर, एक आई दोरा ओवून तेच चित्र पुन्हा काढते आहे. तिने ते पान कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

गुलाबाचं काय? यशया संदेष्ट्याने इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल असं म्हटलं होतं. त्या धुमाऱ्याचा लोकांनी गुलाब केला, बर्फात, मध्यरात्री उमलणारा. सहा वर्षांपूर्वी, १५९९ साली, श्पायरच्या कॅथलिकांसाठी छापलेल्या गीतसंग्रहात त्याचं गाणंही आलं. हे घर प्रोटेस्टंट, त्या पुस्तकाशी यांचा संबंध नाही. पण कात्री आणि लाल कागद यांना पंथ नसतो. मधल्या मुलाने एक गुलाब उलटा खोचला आहे. आजी तो सरळ करत नाही.

काही दशकांनी याच शहरातला एक धर्मोपदेशक, योहान कोनराड डानहाउअर, वैतागून लिहील की झाडाला बाहुल्या आणि साखर टांगण्याचा हा पोरखेळ आला कुठून ते त्याला ठाऊक नाही. मला त्याचं वाईट वाटतं. तो प्रवचनं लिहीत बसला होता आणि ज्या गोष्टीवर तो रविवारी तासभर बोलायचा, ती दर घरात दोऱ्याला लोंबत होती. पुढे सफरचंदांची जागा काचेचे गोळे घेतील. व्होजमधल्या काचभट्ट्यांत अजून सांगतात, की १८५८ साली दुष्काळात सफरचंदं पिकलीच नाहीत, तेव्हा कुण्या कारागिराने ती काचेची फुंकली. चकत्यांची बिस्किटं होतील. सुंदरच होईल ते, पण काचेचं सफरचंद चावता येत नाही.

आणि चावणं हाच तर या झाडाचा शेवट आहे. ब्रेमेनमध्ये १५७० साली एका कारागीर-संघाच्या घरात असं झाड उभं केलं होतं, सफरचंदं, अक्रोड, खजूर आणि कागदी फुलं लावून, आणि नाताळात ते संघातल्या मुलांच्या हवाली केलं होतं. तेव्हा चार दिवस मुक्काम वाढवा, इथल्या मुलांची पाळी येईपर्यंत. सुया गळायला लागल्या आहेत, राळेचा वास जाऊन वाळल्या गवताचा यायला लागला आहे. आई मान हलवते. बस्स, एवढीच परवानगी.

पुढचं सगळं आवाजात घडतं. झाड गदागदा हलतं, बेगड सळसळते, सफरचंदं लाकडी जमिनीवर धपाधप पडून बाकाखाली गडगडत जातात, कुत्रं भुंकतं, मुलं पोटावर सरपटत त्यांच्या मागे. चकत्या पडत नाहीत, तरंगत येतात. धाकट्याने एक तोंडानेच झेलली आणि ती जिभेला चिकटली म्हणून तो जीभ बाहेर काढून उभा आहे.

मोठी मुलगी तुमच्यासमोर येते. एका हातात सफरचंद, दुसऱ्यात चकती. दोन्ही तुमच्या ओंजळीत ठेवते. आता खा. सुरकुतलेली साल दाताखाली किंचित ताणते आणि फुटते, आतला गर थोडा पिठूळ, आंबट कमी आणि गोड जास्त. चकतीला चवच नाही. ती जिभेवर ठेवली की विरघळते, आणि तोंडात सफरचंदाचाच गोडवा राहतो.

गाभ्याशी आलात की मुलगी हात पुढे करते. बिया हव्या आहेत तिला. तळहातावर घेऊन ती मोजते, एक, दोन, तीन, चार, पाच. त्यातल्या तीन निवडून ती आजीकडे नेते. उरलेल्या दोन धाकटा पळवतो आणि खिडकीच्या फटीत, जिथे लाकडात थोडी माती साचली आहे, तिथे बोटाने खोल दाबतो.